दुसऱ्या मजल्याचा वास

परातीत मीठ दोनदा पडलं.

पहिली मूठ पडली तेव्हा विशाखा समोरच कोथिंबीर निवडत बसली होती. तेवढ्यात तिच्या धाकट्या दिरानं, इंद्रजीतनं, बाहेरच्या खोलीतून हाक मारली, "आई, बासित निघालाय गं! संघपालकाकाला घेऊन येतोय. पाऊण तासात पोचतील." आशाबाई पिठाचे हात तसेच घेऊन दारापर्यंत गेल्या. "येऊ दे की! आपण काय पळून चाललोत?" असं म्हणाल्या, वळल्या, परातीशी बसल्या, मिठाचा डबा उघडा दिसला आणि दुसरी मूठ घातली.

विशाखानं ते बघितलं. आशाबाईंना मीठ शिकवायचं धाडस त्या घरात आजवर कुणी केलं नव्हतं.

त्या घरचा एक नेम होता. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी काही चाखायचं नाही, रांधणारीनं तर नाहीच नाही. मग मीठमिरची कळायची कशी? वासावरून. आशाबाई ओलं पीठ नाकाशी नेत आणि सांगत, चिमूटभर कमी आहे. अकरा वर्षं त्यांनी जालना रोडवरच्या अंबर मॉलमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, एकीकडं पिझ्झा आणि दुसरीकडं नूडल्स अशा शेजारात धपाटे विकले, ते असेच, जिभेला काही न लावता. सरकत्या जिन्यावर पाय ठेवला की लोकांना तव्यावरच्या लसणाचा वास यायचा, आणि ज्यांना निव्वळ एसीची हवा खायची असायची तेही धपाटे खाऊन जायचे.

एकवीस सालच्या एप्रिलमध्ये अख्खं घर तापानं पडलं. सगळ्यांचा वास गेला आणि महिन्याभरात सगळ्यांचा परत आला. आशाबाईंनीही "माझाबी आला" असं सांगून टाकलं. मॉल तोवर कायमचा बंद झाला होता, त्यामुळं कुणी खोलात गेलं नाही. पण एकदा भर दुपारी विशाखा स्वयंपाकघरात आली तर पातेल्यात दूध करपून काळं झालेलं, आणि त्याच्याकडं पाठ करून आशाबाई निवांत गवार मोडत बसलेल्या. पुढं एकदा त्या हिंगाची डबी नाकाला लावून बसलेल्या दिसल्या. डबी मिटायच्या, परत उघडायच्या, परत नाकाला लावायच्या. विशाखा पायांचा आवाज न करता मागं फिरली आणि बाथरूममध्ये जाऊन रडली.

तेव्हापासून आशाबाई पीठ मळून, भाजी फोडणीला टाकून आंघोळीला गेल्या की विशाखा पटकन चिमूटभर जिभेवर ठेवायची आणि काय कमी-जास्त असेल ते सावरायची. चार वर्षं झाली. सासूला वाटायचं, नाक गेलं पण हात शाबूत आहे. सुनेनं तसं वाटू दिलं होतं.

आज मात्र आशाबाई पहाटेच न्हाऊन बसल्या होत्या. वर सकाळीच बजावलं होतं, "आज परातीला कुणी हात लावायचा नाय. अकरा वर्षं मीच मळलंय, आजबी मीच मळणार."

विशाखा पदराला हात पुसत उठली आणि नवऱ्याला शोधत बाल्कनीत गेली.

*

सोमनाथ बाल्कनीत पेपर घेऊन बसला होता, पण वाचत नव्हता. बासितचं हे खूळ त्याला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. बासित म्हणजे गयासभाईंचा मुलगा. गयासभाईंचा फालूदा मॉलमध्ये धपाट्यांच्या अगदी शेजारी होता. ते दोन वर्षांपूर्वी गेले आणि पोरानं डोक्यात घेतलं, की चितेगावला पैठण रोडवर जागा घ्यायची आणि अंबर मॉलचा अख्खा दुसरा मजला परत उभा करायचा. तेच स्टॉल, तीच माणसं, त्याच चवी. शेवटचा एक कोपरा उरला होता, आणि तो कुणाचा हे आज ठरणार होतं. इंद्रजीतची वाळूजची नोकरी मार्चमध्ये गेली होती. त्यानं तर कोपऱ्याचं मोजमापसुद्धा घेऊन ठेवलं होतं.

"ऐका ना," विशाखा हळू आवाजात म्हणाली. "आईंनी मीठ दोनदा घातलंय."

"मग सांग त्यांना."

"कसं सांगू? मग सगळंच सांगावं लागंल." आणि बाल्कनीचं दार लोटून घेत तिनं सगळंच सांगितलं. दुधाचं, हिंगाचं, आंघोळीच्या वेळेचं.

"चार वर्षं?" सोमनाथ म्हणाला. "अन् मला आज सांगायलीस?"

"तुमच्या पोटात राहिलं असतं का?"

राहिलं नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं पेपरची घडी केली. "मग आता काहीच करू नको. होऊ दे खारट."

"अहो!"

"मी एकविसाव्या वर्षी त्या तव्यापुढं उभा राहिलो, विशाखा. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच. माझं जाऊ दे. आई सहासष्टची झाली. गुडघे बघ तिचे. तिकडं गेली की दहा दहा तास उभी राहणार, कुणाचं ऐकणार नाय. एक धपाटा खारट निघाला तर काय बिघडलं? बासित गोड बोलून जाईल, इंद्या चार दिवस फुगून बसंल, अन् आई घरात राहील."

"आणि आईंचं काय? संघपालकाकांच्या पुढं?"

खाली गाडीचा हॉर्न वाजला आणि इंद्रजीत जिन्यावरून धावत गेल्याचा आवाज आला. विशाखा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. परात आशाबाईंच्या मांडीशी होती आणि त्या पहिला धपाटा ओल्या फडक्यावर थापायला लागल्या होत्या. आता हातानं काही करण्यासारखं नव्हतं. तोंडानं करण्यासारखं होतं, आणि तेच तिला जमत नव्हतं.

*

"जय भीम, नाना!"

"जय भीम, जय भीम! ये बाबा संघपाल. अरे, किती वाळलास रे! अन् युनिफॉर्म नाय तर ओळखू येईना तू."

आशाबाईंच्या नवऱ्यानं, नानासाहेबांनी, त्याला हाताला धरून सोफ्यावर बसवलं. संघपाल मॉलच्या मागच्या गेटवर पहारेकरी होता. आता रिटायर होऊन मुलाकडं राहत होता. कुणाच्या घरी सोफ्यावर बसायची त्याला अजून सवय नव्हती, तो काठावरच टेकला.

बासितनं आल्या आल्या स्वयंपाकघरात डोकावून मोठा श्वास घेतला. "काकू, कसम से! डोळे मिटले तर सरकत्या जिन्यावर उभा आहे मी. अब्बा बघा आत्ता ओरडतील, बासित, सब्जा भिगोया क्या?"

"भिजवला होता का कधी वेळेवर?" आतून आशाबाई म्हणाल्या. सगळे हसले.

नानासाहेबांना तर विषयच हवा होता. बिडकीनहून शहरात येऊन बत्तीस वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडी त्यातली ती अकराच वर्षं. "जिन्यावर काय गंमत व्हायची माहितंय का? गावाकडच्या बाया वर यायच्या, पण उतरायचं कसं कळायचं नाय. लुगडं धरून तशाच उभ्या! मी तवा सोडून पळायचो. म्हणायचो, मावशी, मार उडी! ती उडी मारायची, माझ्या अंगावर पडायची, अन् वर मलाच शिव्या द्यायची. पण धपाटे खाल्ल्याबिगर एकबी खाली गेली नाय."

"अन् ते मॅनेजरचं सांगा," संघपाल म्हणाला.

"हां! त्यानं कागद दिला. तुमच्या लसणाचा वास खालच्या साड्यांच्या दुकानात जायलाय, गिऱ्हाईक पळंल. आम्ही घाबरलो. दुसऱ्या दिवशी साडीवाला स्वतःच वर आला. म्हणला, चार बांधून द्या, मॅनेजरला सांगू नका."

"पिझ्झावाल्याची पोरंबी मागच्या दारानं न्यायची," संघपाल हसत म्हणाला. "माझ्यासमोरनंच न्यायची ना."

इंद्रजीत हसत होता, पण त्याचं लक्ष बासितच्या चेहऱ्यावर होतं. "मग बासित, कोपऱ्याचं?"

"भाई, माझ्या मनात दुसरं कुणी नाहीच. माझी बहीण राहत आपा फालूदा करणार, तिचं पक्कं आहे. पण लोक पहिला सवाल हाच करतात, धपाटेवाल्या काकू येणार का? मी म्हटलं, काकूंचा कायदा आहे. आधी संघपालकाका, मग दुनिया. म्हणून तर यांना घेऊन आलो."

तो कायदा सगळ्यांना माहीत होता. मॉलमध्ये रोज साडेदहाला पहिला धपाटा देवाच्या फोटोपुढं ठेवायचा आणि मग मागच्या गेटवर संघपालला द्यायचा. तो उभ्या उभ्या खायचा, हात झटकायचा आणि म्हणायचा, "उघडा." मगच नाना शटर वर करायचे. एकदा त्याला ताप होता, तर आशाबाईंनी पोराच्या हाती धपाटा त्याच्या घरी पाठवून निरोप आणवला होता. तोवर गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं.

*

देवापुढं घंटी वाजली. आशाबाई ताटली घेऊन बाहेर आल्या. धपाटा, बाजूला दही, दह्यावर ठेच्याचा टिपका. मागून विशाखा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि संघपालजवळ ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. सोमनाथ बाल्कनीच्या दारात होता. त्यानं बायकोकडं पाहिलं, तिनं पाहिलं नाही.

संघपाल उठून उभा राहिला. बसून खायचं त्याच्या मनातच आलं नाही. पहिला घास घेतला. चावता चावता थांबला, मग परत चावू लागला. दुसरा घास दह्यात बुडवून घेतला, तिसरा जास्त दह्यात. ताटली पार संपवली, कणसुद्धा ठेवला नाही. मग वाकून तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्याला.

"उघडा, मावशी," तो म्हणाला.

"येस!" इंद्रजीतनं टाळी वाजवली. बासितनं हसत हात पुढं केला, "आता माझा द्या."

"थांब," आशाबाई म्हणाल्या.

त्या संघपालकडंच बघत होत्या. "संघपाल, अकरा वर्षं खाल्लंस माझ्या हातचं. पाणी कधी लागलं रे तुला?"

संघपालनं मान खाली घातली.

"मीठ?"

"थोडं वर आहे, मावशी. एवढं काय नाय."

"थोडं म्हंजे किती? खरं सांग. तुला तुझ्या लेकराची आण."

"लई आहे, मावशी," तो अगदी हळू म्हणाला.

"दोनदा पडलं, आई," विशाखा म्हणाली. "मी बघितलं."

"बघितलंस अन् गप बसलीस?"

"तिला मी सांगितलं गप बस म्हणून," सोमनाथ पुढं आला.

"वा रे दादा!" इंद्रजीत उसळला. "म्हणजे ठरवून? माझं काही व्हायला लागलं की तुझ्या पोटात दुखतंच!"

"माझ्या पोटात आई दुखते, इंद्या! तिचे गुडघे—"

"आरं गप बसा दोघं!" आशाबाईंचा आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतलं मांजर पळालं. मग त्या खाली बसल्या, जमिनीवरच. "सोमाला कशाला बोलायलास? माझीच चूक हाय." पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "मला वास येत नाय. चार वर्षं झाली. लसणाचा नाय, हिंगाचा नाय, पोरांच्या डोक्याचा नाय. तोंडालाबी काही लागत नाय. सगळं माती."

नानासाहेब उठून उभे राहिले, परत बसले. "अगं, मग सांगायचं नाय का मला?"

"काय सांगू? मला दुसरं काय येतं, तुम्हीच सांगा. वाचता येत नाय, फोन लावता येत नाय. एवढं एक येत होतं."

"पण मी रोज जेवतो ते..." नानासाहेब चाचरले. "काल तर वांग्याची भाजी इतकी... मी दोनदा मागून घेतली. कसं काय बिघडलं नाय चार वर्षांत?"

आशाबाईंनाही त्याच क्षणी तो प्रश्न पडला. त्यांनी सावकाश मान वळवली आणि भिंतीला टेकलेल्या सुनेकडं पाहिलं. विशाखाच्या डोळ्यांतून धार लागली होती.

"तू?"

"तुम्ही आंघोळीला गेल्यावर," विशाखा म्हणाली.

आशाबाईंना पहिल्यांदा राग आला, आणि तो खरा राग होता. चार वर्षं त्यांनी मनाशी घोकलं होतं, नाक मेलं तर मरू दे, हात जिवंत आहे. पाहुणे बोटं चाटत होते, नाना परत वाढ म्हणत होते, ते सगळं त्यांनी आपल्या नावावर धरलं होतं. आता कळलं, हातही कधीच गेला होता. "माझ्या घरात, माझ्या मागं," त्या म्हणाल्या. "मला येडी करून ठेवलीस?"

"नाही हो, आई!"

"मग कुणाच्या अंदाजानं घालत होतीस? तुझ्या माहेरच्या?"

"तुमच्याच," विशाखा पुढं येऊन त्यांच्यासमोर बसली. "मी कॉलेजला होते तेव्हा दर शनिवारी यायचे दुसऱ्या मजल्यावर. एक धपाटा घ्यायचे आणि मैत्रिणीबरोबर अर्धा अर्धा करायचे. सोमनाथना बघायला येते असं सगळ्यांना वाटायचं. त्यांना अजूनही तेच वाटतं."

"नव्हतीस?" सोमनाथच्या तोंडून निघून गेलं.

"नंतर नंतर तुम्हाला पण," ती डोळे पुसत म्हणाली. "आई, ती चव मला पाठ आहे. मी दुसरं काही केलं नाही. तिथंवर आणून सोडायचे फक्त."

आशाबाईंचा राग होता तिथंच होता, पण आता त्याला धरायला काही सापडत नव्हतं. "अन् तुला तरी कळायचं कसं? पिठाच्या वासावर?"

"नाही." विशाखा अडखळली. "चाखून."

"नैवेद्याच्या आधी?"

विशाखानं होकारार्थी मान हलवली.

हसू यायला लागलं की नानासाहेबांच्या मिशा आधी हलायच्या. त्या हलल्या. "म्हंजे चार वर्षं," ते देवघराकडं बघत म्हणाले, "देव आपल्या घरी उष्टं खायलाय, अन् एका शब्दानं बोलला नाय?"

आधी संघपाल हसला. मग बासित. मग आशाबाईंनी पदर तोंडाला लावला, आणि त्या हसताहेत की रडताहेत हे कुणाला कळेना. दोन्ही चाललं होतं.

"बासित," डोळे कोरडे करून त्या म्हणाल्या, "मी काय आता तुझ्या कामाची नाय, बाबा. माझ्यात ते राहिलं नाय."

"काकू, असं नका ना बोलू."

"मधी बोलू नको. हिला विचार." त्या विशाखाकडं वळल्या. "तुला करायचंय का गं? कुणाच्या भिडेनं नको. सोमाच्या नाय, इंद्याच्या नाय, माझ्याबी नाय."

त्या घरात आजवर विशाखाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. सोमनाथनं पेपरची गुंडाळी हातात फिरवली. "आई उभी राहणार नसंल तर..." तो म्हणाला.

"मी खुर्ची टाकून बसंन. पण येणार. तिला मळताना बघायला कुणीतरी नको का?"

"करायचंय," विशाखा म्हणाली.

"मग आण परात इथं. सगळ्यांच्या पुढं."

परात बाहेर आली. विशाखानं त्याच खारट पिठात ज्वारीचं नवं पीठ घातलं, थोडं बेसन, वाटलेला लसूण-मिरची, तीळ, पाण्याचा हबका. मळून झाल्यावर तिचा हात परातीवरच घुटमळला. समोर देवघराचं दार उघडं होतं.

"चाख," आशाबाई म्हणाल्या.

"आई..."

"चाख म्हणते ना. देवाला सवय झाली."

विशाखानं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं, डोळे मिटले, थोडं कोरडं पीठ आणखी घातलं, परत चाखलं. मग धपाटा थापला, भोकं पाडली, तव्यावर टाकला. तेल सोडल्यावर वास उठला तसा नानासाहेबांनी, बासितनं, सोमनाथनं, सगळ्यांनी श्वास ओढून घेतला. आशाबाईंनी त्या सगळ्यांचे चेहरे एकेक करून बघितले. त्यांना तेवढंच दिसत होतं.

पुन्हा घंटी वाजली. इंद्रजीत तांब्या भरून घेऊन आला आणि संघपालजवळ ठेवला. आता तो हाताची नखं खात होता.

संघपाल उभा राहिला. एक घास घेतला. दुसरा. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. तो सावकाश खात होता, मागच्या गेटवर खायचा तसा, भिंतीकडं तोंड करून. दही तर त्यानं बाजूलाच ठेवलं होतं. ताटली संपली. त्यानं हात झटकले आणि तिथंच उभा राहिला.

आशाबाई त्याच्या तोंडाकडं बघत नव्हत्या. त्या तांब्याकडं बघत होत्या. तांब्या काठोकाठ भरलेला होता आणि त्याला हात लागला नव्हता.

संघपालनं बोलायला तोंड उघडलं, पण त्याच्या आधी आशाबाईच म्हणाल्या.

"उघडा."